फवारणीच्या ड्रोनला जमिनीवर यंत्रांची साथ: विदर्भातील लहान कास्तकारांसाठी पहिली पावले

दहा लिटरची टाकी असलेला फवारणी ड्रोन एक एकर कपाशी साधारण सहा ते आठ मिनिटांत फवारून खाली उतरतो. हे पाहिले की दिवसाला पन्नास एकर सहज होतील असा हिशेब मनात तयार होतो. प्रत्यक्षात लहान वावरांमध्ये काम करणाऱ्या चमूचे वीस एकर झाले तरी दिवस चांगला गेला असे समजावे. मधला सगळा वेळ धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर जातो. पाणी आणणे, औषध मोजणे, मिश्रण ढवळणे, गाळून टाकीत भरणे, तापलेली बॅटरी काढून दुसरी बसवणे आणि एका वावरातून दुसऱ्या वावरात सगळे सामान हलवणे ही कामे हातानेच होतात, आणि ड्रोन कितीही चपळ असला तरी त्याला या कामांसाठी थांबावेच लागते.

वेळेपेक्षाही महत्त्वाचे कारण विषबाधेचे आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ड्रोनमुळे माणूस फवाऱ्याच्या धुक्यातून बाहेर येतो हे खरे आहे. परंतु मिश्रण तयार करणारा माणूस होता तिथेच राहतो, आणि त्याच्या हातातले द्रावण पूर्वीपेक्षा कितीतरी जहाल असते. समजा एकरी १०० मिलिलिटर औषध शिफारशीत आहे. पाठीवरच्या पंपाने ते २०० लिटर पाण्यातून जाते, म्हणजे लिटरमागे अर्धा मिलिलिटर. ड्रोनमध्ये तेच औषध दहा लिटर पाण्यात मिसळते, म्हणजे लिटरमागे दहा मिलिलिटर. एकराला औषध तेवढेच पडते, पण बादलीतल्या द्रावणाची तीव्रता वीस पट होते, आणि बादलीतून उडालेला एक शिंतोडाही वीस पट जहाल असतो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की ड्रोनच्या पाठोपाठ पहिला खर्च जमिनीवरच्या यंत्रांवर व्हावा, आणि त्यातही सुरुवात औषध मिसळण्याच्या जागेपासून व्हावी. चालता-फिरता रोबो ही त्यानंतरची गोष्ट आहे.

पहिली पायरी: एका दिवसाचे काम कागदावर उतरवावे

कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी चमूने एक संपूर्ण दिवस घड्याळ आणि वही घेऊन काम करावे. प्रत्येक उड्डाणाची सुरुवात, उतरण्याची वेळ, पुन्हा उडण्याची वेळ आणि मधल्या प्रत्येक कामाला लागलेली मिनिटे एका सहायकाने लिहीत जावीत. संध्याकाळी बेरीज केली म्हणजे कुठे अडते ते आपोआप दिसते. पाणी दूर असलेल्या गावात पाण्याची ने-आण सगळ्यात जास्त वेळ खाते. लाईट नसलेल्या शिवारात बॅटऱ्या चार्ज होण्याची वाट पाहावी लागते. अर्ध्या-एक एकराचे तुकडे असतील तर वेळ केवळ सामान हलवण्यात जातो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर होती, आणि तीही अनेकदा दोन-तीन ठिकाणी विखुरलेली असते. ज्याचे मूळ दुखणे पाण्याचे आहे त्याने बॅटरी बदलणारे महागडे यंत्र घेतले, तर त्याचा एक मिनिटही वाचणार नाही.

दुसरी पायरी: कागदपत्रे

ड्रोन नियम २०२१ नुसार ड्रोनला प्रकार प्रमाणपत्र, नोंदणीचा विशिष्ट ओळख क्रमांक आणि त्रयस्थ व्यक्तीचा विमा आवश्यक आहे, तर चालकाकडे मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेने दिलेले दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र असावे लागते. चालकाचे वय १८ ते ६५ वर्षे असावे आणि तो दहावी उत्तीर्ण असावा. आपले शिवार हिरव्या (मोकळ्या), पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) की लाल (मनाई असलेल्या) हवाई क्षेत्रात येते ते अधिकृत नकाशावर उड्डाणापूर्वी पाहावे. नागपूर विमानतळाच्या आसपासच्या गावांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जमिनीवरची यंत्रे जोडण्याच्या नादात ड्रोनच्या टाकीचे तोंड कापणे, बॅटरीचा कप्पा बदलणे किंवा जादा वायर ओढणे असे बदल स्वतःहून करू नयेत, कारण प्रमाणपत्र ज्या रचनेला मिळाले ती रचना मग उरत नाही आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यावरही त्याचा परिणाम होतो. जुळवून घ्यायचे ते जमिनीवरच्या यंत्राने. आणखी एक बाब अशी की फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यावर बंदी आहे. त्यामुळे परदेशातील शेतांवर ड्रोन आणि रोबो मिळून काम करताना दिसतात ती जोडी तशीच्या तशी मागवता येत नाही, आणि जमिनीवरची व्यवस्था आपल्याकडे मिळणाऱ्या ड्रोनप्रमाणेच घडवून घ्यावी लागते.

तिसरी पायरी: जागा ठरवावी

उतरण्याची, भरण्याची आणि चार्जिंगची अशा तीन जागा वेगवेगळ्या ठेवाव्यात. पांदण रस्त्याच्या कडेला किंवा पडीक तुकड्यावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि विहीर, नाला, गोठा यांपासून दूर अशी सपाट जागा निवडावी. उतरण्याच्या जागी ताडपत्री किंवा रबरी चटई घट्ट रोवून टाकावी, कारण काळ्या मातीची धूळ प्रॉपेलरच्या वाऱ्याने उडून मोटारीत आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बसते. पूर्व विदर्भात मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठावर धानाची शेती आहे आणि त्याच तलावांत मासेमारी चालते. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, गोंदिया या भागांत टसर रेशमाच्या अळ्या जंगलातील झाडांवर वाढवल्या जातात. कीटकनाशकाचा थोडासा अंश वाऱ्याने तिकडे गेला तरी दुसऱ्याच्या घरची रोजीरोटी बुडते. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीला आणि शेजारच्या कास्तकारांना फवारणीची वेळ कळवणे हे म्हणूनच कामाचाच भाग समजावे.

चौथी पायरी: मिश्रण आणि भरणीचे यंत्र

सगळ्यात जास्त लक्ष या पायरीवर द्यावे. बंद टाकीत औषध मिसळून ते नळीवाटे ड्रोनच्या टाकीत ठरलेल्या मापाने भरणारे यंत्र, एवढेच याचे स्वरूप आहे. ते तयार मिळते, किंवा तालुक्याच्या ठिकाणी पंप आणि वायरिंगचे काम जाणणाऱ्या कारागिराकडून बनवूनही घेता येते.

त्याचे भाग असे असतात. झाकण घट्ट बसणारी शंभर लिटरच्या आसपासची प्लास्टिकची टाकी. बारा व्होल्टवर चालणारा, औषधांना टिकणाऱ्या पडद्याचा डायाफ्राम पंप. टाकीतले द्रावण सतत फिरते ठेवणारी परतीची नळी. पंपाच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन गाळण्या. किती द्रावण गेले ते मोजणारा प्रवाहमापक. विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह. आणि या सगळ्यांना हुकूम देणारा एक छोटा नियंत्रक, ज्यावर लिटर टाकून बटण दाबले की तेवढे माप भरून पंप आपोआप बंद होतो. नळीच्या टोकाला अशी जोडणी असावी की ती ड्रोनपासून सुटताच दोन्ही बाजूंनी तोंड बंद होईल आणि एक थेंबही हातावर पडणार नाही. विहिरीतून किंवा बोअरमधून थेट पाणी घेत असाल, तर त्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवणे अत्यावश्यक आहे. तो नसेल आणि मोटार अचानक बंद पडली, तर औषधमिश्रित पाणी उलट विहिरीत ओढले जाऊ शकते.

आपोआप बंद होण्याचा फायदा केवळ सोयीचा नाही. लहान वर्गातील ड्रोनचे एकूण वजन २५ किलोच्या आत राहणे बंधनकारक आहे, आणि बहुतेक दहा लिटरचे ड्रोन त्या मर्यादेच्या जवळच बनवलेले असतात. हाताने भरताना घाईघाईत एक लिटर जास्त गेले तर वजन एका किलोने वाढते, बॅटरी लवकर उतरते आणि वळणावर ड्रोन डोलू लागतो.

प्रवाहमापकावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. आतली छोटी चक्री फिरली की तो मोजतो, आणि द्रावणात फेस असेल तर हवेचे बुडबुडेही द्रावण म्हणून मोजले जातात. यासाठी वजनकाट्यावर रिकामा कॅन ठेवून यंत्राला दहा लिटर साधे पाणी भरायला सांगावे. काट्यावर दहा किलो दिसले पाहिजेत. नऊ किलो सहाशे ग्रॅम दिसले तर नियंत्रकातला गुणक त्या प्रमाणात बदलावा आणि तीन वेळा सारखा आकडा येईपर्यंत पुन्हा मोजावे. मग प्रत्यक्ष द्रावण घेऊन हीच चाचणी करावी. परतीच्या नळीचे तोंड टाकीतल्या द्रावणाच्या पातळीखाली बुडालेले असेल तर फेस बराच कमी होतो. ते वर लोंबत राहिले आणि द्रावण उंचावरून पडत राहिले, तर दुधाळ फेस झाकणापर्यंत चढतो आणि सारे माप चुकते.

पाण्याची प्रत याच पायरीवर तपासावी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी खारे आणि विम्लधर्मी असते, आणि अनेक कीटकनाशके विम्ल पाण्यात लवकर विघटित होतात. सामू (पीएच) मोजण्याचे छोटे उपकरण स्वस्त आहे. सामू खूप वर असेल तर शेततळ्याचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, अथवा सामू कमी करणारे द्रव्य कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने मिसळावे. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळाचे तंतू असतात, म्हणून ते कापडातून गाळल्याशिवाय यंत्रात घेऊ नये. ड्रोनच्या नोझलचे छिद्र इतके बारीक असते की केसाएवढा तंतूही फवाऱ्याचा पंखा अर्धा करून टाकतो, आणि वरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. कळते ते आठवड्याने, जेव्हा एका ओळीवर तुडतुडे तसेच दिसतात.

औषधांच्या बाबतीत दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली अशी की ड्रोनद्वारे फवारण्यास परवानगी असलेलीच औषधे घ्यावीत. केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये ४७७ कीटकनाशकांना ड्रोनसाठी दोन वर्षांची अंतरिम परवानगी दिली होती, आणि २०२३ मध्ये कापूस, तूर, सोयाबीन, धान यांसारख्या पिकांसाठी स्वतंत्र कार्यपद्धती प्रसिद्ध झाली. चालू हंगामातील यादी आणि मात्रा तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून घ्यावी. दुसरी गोष्ट मिश्रणाची. पाठीवरच्या पंपात दोन-तीन औषधे एकत्र करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण वीस पट तीव्र द्रावणात ती औषधे फाटतात, गोळे धरतात आणि पंप अडकवतात. शक्यतो एका वेळी एकच औषध फवारावे. दोन मिसळण्याची शिफारस असेलच तर आधी पारदर्शक बाटलीत त्याच प्रमाणात थोडे मिश्रण करून अर्धा तास ठेवावे. तळाला गाळ बसला किंवा थर वेगळे झाले तर ते यंत्रात घालू नये.

यंत्र असले तरी हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सुटत नाही, कारण मूळ डब्यातून औषध काढण्याचे काम अजून माणसाच्याच हाती आहे. डब्याचे लेबल जपून ठेवावे. मळमळ, अंधूक दिसणे, घाम किंवा हातपाय थरथरणे असे काहीही जाणवले तर काम थांबवून, कपडे बदलून आणि अंग धुऊन १०८ क्रमांकावर फोन करावा आणि ते लेबल डॉक्टरांना दाखवावे.

पाचवी पायरी: बॅटरी आणि वीज

येथे थोडे गणित केल्याशिवाय पुढे जाऊ नये. बारा सेलची, १६ अँपिअर-तासाची बॅटरी घेतली तर तिचा सरासरी दाब सुमारे ४४.४ व्होल्ट असतो, म्हणजे तिच्यात साधारण ७१० वॅट-तास वीज साठते. ज्या ड्रोनला अशा दोन बॅटऱ्या लागतात त्याच्या एका संचात १,४२० वॅट-तास झाले. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. तीन चतुर्थांश वापरली तर एका उड्डाणाला सुमारे एक युनिट लागले. दर पंधरा मिनिटांना एक उड्डाण धरले तर तासाला चार युनिट आणि चार्जरमधील तूट मिळवून जवळपास पाच युनिट लागतात. याचा अर्थ असा की न थांबता काम करायचे असेल तर सतत पाच किलोवॅट देणारा स्रोत हवा. घरातील पंधरा अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर साडेतीन किलोवॅट मिळतात, आणि कृषी पंपाची वीज पाळीने येते. त्यामुळे बहुतेक चमूंना जनरेटर बाळगावा लागतो, आणि तो पाच किलोवॅटच्या भारापेक्षा थोडा मोठाच घ्यावा.

बॅटरीचे किती संच लागतील हेही याच गणितातून निघते. उड्डाण दहा मिनिटे, थंड होण्यास पंधरा ते वीस मिनिटे, चार्ज होण्यास अर्धा तास ते चाळीस मिनिटे. म्हणजे एक संच पुन्हा तयार होण्यास तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि तोपर्यंत चार-पाच उड्डाणे व्हायची असतात. महिला बचत गटांना ड्रोन देणाऱ्या नमो ड्रोन दीदी योजनेत मूळ संचाबरोबर चार जादा बॅटरी संच, जलद चार्जर आणि चार्जर हब दिले जातात आणि दिवसाला वीस एकरांचा अंदाज धरला जातो, तो याच हिशेबाशी जुळतो.

बॅटरी आपोआप बदलणारा यांत्रिक हात परदेशात वापरात आहे. लहान कास्तकाराने तूर्त त्याच्या मागे लागू नये असे मला वाटते. सरकत्या कप्प्याची बॅटरी माणूस अर्ध्या मिनिटात बदलतो. तेवढ्यासाठी नाजूक आणि महाग यंत्र चिखलात न्यायचे कारण नाही. स्वयंचलित करायचाच असेल तर चार्जिंगचा फलक करावा: प्रत्येक बॅटरीचे तापमान मोजून ती थंड झाल्यावरच चार्जिंग सुरू करणारा, प्रत्येक सेलचा दाब ४.२ व्होल्टला पोहोचला की थांबणारा आणि एखादा सेल इतरांपेक्षा मागे पडला तर लाल दिवा लावणारा. ऑक्टोबरच्या उन्हात नुकतीच उतरलेली बॅटरी हाताला चटका देते. तशीच ती चार्जरला लावली तर सेल फुगतात. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही वापरू नये.

आणि एक कळकळीची विनंती आहे. चार्जिंग घरात, विशेषतः कापूस साठवलेल्या खोलीत किंवा कडब्याच्या गंजीजवळ कदापि करू नये. लिथियम बॅटरी पेटली तर पाण्याच्या बादलीने ती आटोक्यात येत नाही, आणि वेचलेल्या कापसाला एक ठिणगी पुरते. चार्जर मोकळ्या जागी सिमेंटच्या फरशीवर किंवा पत्र्याच्या सावलीखाली ठेवावा, शेजारी कोरड्या वाळूच्या बादल्या ठेवाव्यात आणि चार्जिंग सुरू असेपर्यंत एका माणसाने तेथून हलू नये.

सहावी पायरी: चालता रोबो घ्यावा का, आणि कुठे

भरणीचे यंत्र आणि चार्जिंग व्यवस्थित बसल्यावरच हा प्रश्न विचारावा. चालता रोबो म्हणजे विजेवर चालणारी, चार चाकांची किंवा रबरी पट्ट्यांची गाडी, जी टाकी, पंप आणि बॅटऱ्या घेऊन ड्रोनच्या पुढच्या उतरण्याच्या जागी आपणहून जाते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. त्यात टाकी, पंप आणि स्वतःच्या बॅटऱ्या मिळवल्या की गाडी दोनशे किलोच्या पुढे जाते. हे वजन काळ्या जमिनीला मानवत नाही. श्रावणात एक चांगली सर पडून गेली की चाकाच्या खाचांत चिकण माती भरते, चार-सहा फेऱ्यांत चाक मातीचा गोळा होऊन बसते आणि मोटार नुसती गरम होते. पट्ट्यांची गाडी थोडी सरस चालते. तरीही ओल्या वावरात तिला घालू नये.

कपाशीत आणखी एक अडचण आहे. तीन-चार फुटांच्या ओळींत पऱ्हाटी सप्टेंबरपर्यंत एकमेकींना भिडते आणि बोंडे लागलेल्या फांद्या दोन ओळींमधल्या वाटेवर झुकतात. फवारणीची खरी गरज नेमकी त्याच सुमारास, गुलाबी बोंडअळीच्या वेळी असते. त्यामुळे रोबोचा मार्ग धुऱ्याने आणि पांदणीनेच आखावा आणि त्यासाठी निदान चार फुटांचा धुरा मोकळा ठेवावा. धानाच्या बांधीत तर तो उतरतच नाही. तिथे रस्त्यावर उभी केलेली बंडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉलीच कामाची आहे.

याउलट वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्रापट्ट्यात रोबोला खरी जागा आहे. सहा बाय सहा मीटरच्या लागवडीत दोन ओळींमध्ये गाडी सहज फिरते, जमीन बहुधा तणनियंत्रण करून मोकळी ठेवलेली असते, आणि दाट घेराच्या झाडाच्या आतल्या पानांपर्यंत ड्रोनचा फवारा पुरेसा पोहोचत नाही. तेथे जमिनीवरच्या रोबोनेच खालून आणि बाजूने फवारावे आणि ड्रोनने शेंड्यांचे काम करावे, अशी वाटणी करून पाहण्यासारखी आहे. संत्र्याची बाग असलेल्या गटाने रोबोचा विचार आधी करावा आणि कोरडवाहू कपाशीवाल्यांनी थोडे थांबावे, असे मी सुचवीन.

रोबोला वाट कळावी यासाठी उपग्रहावर आधारित अचूक स्थाननिश्चिती लागते. साध्या मोबाईलचे स्थान काही मीटर चुकते, आणि तेवढ्या चुकीत गाडी धुऱ्यावरून नाल्यात जाईल. सुधारणा-संदेश घेणारी प्रणाली काही सेंटीमीटरपर्यंत अचूक असते. हे संदेश स्वतःच्या स्थिर केंद्रावरून घेता येतात किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्यातून (सतत चालू असणाऱ्या स्थिर संदर्भ-केंद्रांच्या जाळ्यातून) मोबाईल नेटवर्कद्वारे घेता येतात. मेळघाटाच्या पायथ्याशी किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांत जिथे नेटवर्क टिकत नाही, तिथे स्वतःचे स्थिर केंद्र लागेल हे खरेदीपूर्वीच धरून चालावे. वाट आखताना गाडी एकदा हाताने चालवून धुऱ्यावरचे दगड, भेगा, पाटाची नाली आणि तारेचे कुंपण नोंदवून घ्यावे.

सातवी पायरी: अपघात होऊ नये म्हणून कुलुपे

ड्रोन आणि जमिनीवरचे यंत्र एकत्र आले की माणसाला इजा होण्याची नवी शक्यता निर्माण होते. त्यासाठी यंत्राच्या आज्ञावलीत काही अटी पक्क्या बसवून घ्याव्यात. ड्रोनची मोटार बंद झाल्याचा संदेश मिळाल्याशिवाय रोबो पुढे सरकणार नाही आणि भरणी सुरू होणार नाही; नळी सुटल्याची खात्री झाल्याशिवाय ड्रोन उडणार नाही; संपर्क तुटला तर रोबो जागच्या जागी थांबेल. ज्या ड्रोनमधून असा संदेश बाहेर मिळत नाही त्याच्याबाबतीत सहायकाने प्रॉपेलर थांबल्याचे डोळ्यांनी पाहून बटण दाबावे, तेवढेही पुरते. रोबोच्या चारही बाजूंना लाल, तळहाताने दाबता येईल असे थांबवण्याचे बटण असावे. शाळा सुटल्यावर मुले ड्रोन पाहायला धावत येतात आणि गुरे पांदणीनेच घरी परततात, म्हणून दोरी आणि झेंड्यांनी रिंगण आखावे आणि ते राखण्यासाठी एक माणूस ठेवावा. त्या वेळेला त्याच्यावर दुसरे काम टाकू नये.

आठवी पायरी: साध्या पाण्यावर तालीम

पहिला संपूर्ण दिवस औषधाशिवाय काढावा. पाणी भरून सगळी साखळी चालवावी, पिकात ठिकठिकाणी पाण्याचा थेंब पडताच रंग बदलणारे कागद लावावेत आणि वरच्या, मधल्या आणि खालच्या पानांवर थेंब किती पडले ते पाहावे. वाऱ्याचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या पुढे गेला की काम थांबवण्याची सवय याच दिवशी लावावी. त्यासाठी वारामापक खिशात असावा. तुरीला फूल असताना मधमाश्या सकाळी शेतात असतात, तेव्हा फवारणी संध्याकाळकडे न्यावी. तालमीच्या शेवटी पहिल्या पायरीतील वही पुन्हा उघडून नव्या वेळा तिच्याच शेजारी लिहाव्यात. वेळ वाचलेला दिसला नाही तर यंत्र चुकीच्या जागी लावले आहे, असे समजावे.

नववी पायरी: मालकी आणि पैसा

एकट्या तीन एकरवाल्याने हे सगळे विकत घेणे परवडणारे नाही, आणि तशी गरजही नाही. महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गावची अवजार बँक यांच्या नावे यंत्रे असावीत आणि एकराच्या दराने ती चालवावीत. नमो ड्रोन दीदी योजनेत निवडलेल्या बचत गटांना ड्रोन आणि साहित्याच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य मिळते आणि उरलेल्या रकमेसाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून व्याजसवलतीचे कर्ज घेता येते. त्यात एका महिलेला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण मिळते आणि सोबत एका सहायकालाही शिकवले जाते. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात लहान आणि अल्पभूधारक, महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, कमाल ५ लाख आणि इतरांना ४० टक्के, कमाल ४ लाख रुपये अशी तरतूद होती. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीच्या अटी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचाराव्यात. हे आकडे ड्रोनसाठी आहेत. भरणीचे यंत्र आणि रोबो यांचा खर्च त्यातून भागेल असे धरून व्यवहार करू नये.

विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारावेत. बिघाड झाल्यास माणूस किती तासांत गावात येईल, पंपाचा पडदा आणि प्रवाहमापक कोणत्या जवळच्या शहरात मिळतो, आणि नियंत्रक बंद पडला तर यंत्र हाताने चालवता येते का. बोंडअळीच्या आठवड्यात यंत्र चार दिवस बंद राहिले तर फवारणीचा हंगाम हातचा गेलेला असतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर ते यंत्र घेऊ नये. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र येथे जाऊन पिकाचा आणि औषधाचा सल्ला खरेदीपूर्वीच घ्यावा.

रोजची आणि हंगामानंतरची निगा

रोज काम संपताच टाकी, पंप, नळ्या आणि ड्रोनची टाकी स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावी, आणि ते धुवण त्याच पिकावर, फवारलेल्या शेतात पसरून टाकावे. नाल्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये. औषधाचे रिकामे डबेही तीनदा विसळून त्यांना भोक पाडावे, म्हणजे कोणी ते घरात पाणी भरायला नेणार नाही. गाळण्या जुन्या दातांच्या ब्रशने साफ कराव्यात. तारेने खरवडू नयेत.

हंगाम संपल्यावर पंपातले पाणी पूर्ण काढून तो कोरडा करावा, नाहीतर पडदा कडक होतो. बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नयेत. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून त्या धातूच्या पेटीत, सावलीत साठवाव्यात. महिन्यातून एकदा दाब मोजून वहीत लिहावा. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीचे तापमान बॅटरीला सोसवत नाही, म्हणून त्या दोन महिन्यांसाठी पेटी मातीच्या भिंतीच्या, थंड राहणाऱ्या आणि कोणी निजत नाही अशा खोलीत हलवावी. जूनमध्ये पेरणी आटोपली की प्रवाहमापकाचे माप वजनकाट्यावर पुन्हा घ्यावे, नळ्यांच्या जोडण्या तपासाव्यात आणि साध्या पाण्यावरची तालीम पहिल्यासारखीच पुन्हा करावी.